खडक कोणत्या सांध्यावरून सुटेल, हे आधी विचारा

खडकात खोदलेले उतार, बोगदे, भूमिगत दालने आणि धरणांचे पाये यांचे आराखडे तपासून मंजूर करणाऱ्या तांत्रिक समित्यांच्या सर्व सदस्यांस,

स. न. वि. वि.

आपल्यासमोर स्थैर्य विश्लेषणाचा अहवाल ठेवला जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याची शेवटची पाने आधी उघडली जातात. तिथे निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेली एक आकृती असते, तिच्या कोपऱ्यात सुरक्षा गुणांक (प्रतिकार भागिले घसरवणारे बळ; एकाखाली गेला की उतार घसरतो) लिहिलेला असतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की चर्चा खर्चाकडे आणि वेळापत्रकाकडे वळते. अशा बैठकांना मी अहवाल सादर करणाऱ्यांच्या बाजूने गेली अनेक वर्षे बसत आले आहे. कंपास घेऊन सांधे, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांची प्रतले, मोजणे आणि नंतर तीच मोजमापे संगणकावरच्या प्रतिमानात भरणे, ही दोन्ही कामे माझ्याकडे येत असल्यामुळे कोणती गोष्ट कोणत्या टप्प्यावर गळून जाते, हे मला बऱ्यापैकी जवळून दिसते. गुणांक किती आला, हे मला प्रत्येक बैठकीत विचारले गेले आहे. कोणता ठोकळा, कोणत्या सांध्यावरून, कोणत्या दिशेला सुटेल आणि त्या वेळी त्या सांध्यात पाण्याचा दाब किती असेल, हे मात्र मोजक्याच वेळा विचारले गेले. हा दुसरा प्रश्न आपण पहिला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे. ती का करते आहे, हे सांगायला थोडा विस्तार करावा लागेल.

ताज्या, न झिजलेल्या ग्रॅनाइटचा दंडगोल दाबयंत्रात ठेवला तर तो १५० मेगापास्कलच्या आसपासचा दाब सोसू शकतो. याचा अर्थ असा, की त्या खडकाचा अखंड खांब स्वतःच्या वजनाखाली चिरडला जायचा असेल तर त्याची उंची साडेपाच किलोमीटरहून अधिक असावी लागेल. आपण मंजूर करतो ते उतार तीस, पन्नास, फार तर काहीशे मीटर उंचीचे असतात. तरीही ते कोसळतात, कारण खडक आपण खोदण्याच्या कितीतरी आधीच कापला गेलेला असतो. थंड होताना आकसल्यामुळे, वरचा भार झिजून गेल्यामुळे आणि भूकवचातल्या ताणांमुळे त्यात सांध्यांचे संच तयार झालेले असतात आणि त्या संचांनी मिळून त्याचे ठोकळे पाडून ठेवलेले असतात. आपण खोदतो तेव्हा नवे काही तोडत नाही. काही ठोकळ्यांची एक बाजू मोकळी करतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच आधणात शिजलेली असतात. खडकाचा तळहाताएवढा तुकडा मात्र खडकसमूहाची परीक्षा देऊ शकत नाही, कारण कोसळण्याचे कारण त्या तुकड्यात नसतेच. ते दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत असते.

त्या फटीची भूमिती आधी पाहावी, बळांचा हिशेब नंतर करावा. सांध्याची नती, म्हणजे आडव्या पातळीपासून त्याचा उतरता कोन, उताराच्या तोंडाच्याच दिशेला असेल, ती तोंडाच्या कोनाहून कमी आणि घर्षणकोनाहून (ज्या कोनापलीकडे एक पृष्ठ दुसऱ्यावरून घसरू लागते त्याहून) जास्त असेल, तर त्या प्रतलावरून सरळ घसरण होऊ शकते. असा एकही सांधा नसला तरी निश्चिंत होता येत नाही. दोन सांधे अर्धवट उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांना छेदत असतील आणि त्यांच्या छेदाची रेषा तोंडातून बाहेर उतरत असेल, तर त्यांच्यामधली पाचर त्या रेषेवरून निसटते. दोन्ही सांधे सुटे सुटे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात. तिसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. जवळजवळ उभे सांधे उताराच्या आतल्या बाजूला कललेले असतील तर खडकाचे उभे पापुद्रे घसरत नाहीत, ते एकमेकांवर घासत पुढे कलंडतात. या तिन्ही शक्यता गोलीय आलेखावर (प्रतलांच्या दिशा आणि कोन एका वर्तुळात मांडणाऱ्या आलेखावर) एका कागदात तपासता येतात. त्याला संगणकाची गरज नाही, तास-दोन तास पुरतात, आणि तरीही तो कागद अनेक अहवालांत नसतो किंवा परिशिष्टात सापडतो. माझ्या मते तो कागद ज्या अहवालात नाही, त्यातला सुरक्षा गुणांक वाचण्याचे काहीच कारण नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण दुसऱ्यांच्या चुकांवर पत्र लिहिणे सोपे असते. एका उताराच्या कामात आम्ही तोंडाच्या पायथ्याशी आडवी टेप धरून, तिला छेदणारा प्रत्येक सांधा नोंदवत गेलो. पाचशेहून जास्त नोंदी झाल्या आणि आलेखावर तीन संच सुबकपणे उमटले. तिन्हींची नती अशी होती की घसरणीचा प्रश्नच येऊ नये. पण टेप उताराच्या तोंडाला समांतर होती, त्यामुळे तोंडाला समांतर जाणारे आणि बाहेर ६५ अंशांनी उतरणारे सांधे तिला छेदू शकतच नव्हते. उभ्या बोअरच्या कोअरमध्ये, म्हणजे छिद्रातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलात, ते आले होते. मात्र कोअर दिशांकित नव्हता, म्हणजे सांध्याची नती कळत होती, ती कोणत्या दिशेला हे कळत नव्हते, आणि आम्ही ते सांधे तितक्याच नतीच्या दुसऱ्या एका संचात ढकलून दिले होते. दुसरी पायरी खोदल्यावर तिच्या माथ्यापासून दीड मीटर मागे एक भेग दिसली. सकाळी तिच्यात नख जात होते, संध्याकाळी बोट. रात्री खडकाचा एक लांबलचक पापुद्रा खाली आला. यंत्रे आधीच मागे घेतली होती, कोणाला इजा झाली नाही. उघड्या पडलेल्या प्रतलावर लोखंडी गंजाचे तांबूस ओघळ होते, म्हणजे त्या सांध्यातून वर्षानुवर्षे पाणी वाहत आले होते. आमच्या अहवालात तो सांधा नव्हताच.

या चुकीला नाव आहे आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. रूथ टेरझागी यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते, की मोजणीच्या रेषेशी सांधा जितका लहान कोन करतो तितका तो नोंदवहीत कमी वेळा येतो, आणि म्हणून प्रत्येक नोंदीला त्या कोनाच्या साइनच्या व्यस्ताएवढे वजन द्यावे. कोन दहा अंशांचा असेल तर एक नोंद जवळजवळ सहा सांध्यांची प्रतिनिधी असते. कोन शून्याकडे गेला की ही दुरुस्तीही निरुपयोगी ठरते, कारण जे दिसलेच नाही त्याला कितीही वजन दिले तरी ते शून्यच राहते. तिथे दुसऱ्या दिशेला टेप धरणे किंवा तिरके, दिशांकित बोअर घेणे याला पर्याय नाही. म्हणून समितीने एकूण नोंदी किती, हे विचारून थांबू नये. मोजणी किती दिशांनी झाली आणि कोणत्या दिशेचे सांधे त्या मोजणीला दिसूच शकत नव्हते, हे विचारावे. माझ्या त्या पाचशे नोंदींनी आमच्या बैठकीत सगळ्यांचे समाधान झाले होते, माझेही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पाण्याकडे. कुठेतरी पाणी मुरते आहे, असे आपण संशयाने म्हणतो. खडकाच्या बाबतीत तो संशय शब्दशः तपासावा लागतो. एक साधा हिशेब करून पाहू. ३५ अंश नती असलेल्या सांध्यावर दहा मीटर जाडीचा खडक टेकला आहे आणि सांध्याचा घर्षणकोन ३८ अंश आहे, असे धरू. खडकाची घनता दर घनमीटरला २.६ टन धरली तर सांध्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर २६ टन वजन येते. त्यातले सुमारे २१.३ टन सांध्याला लंब दाबतात आणि १४.९ टन खाली ओढतात. घर्षणाचा प्रतिकार १६.६ टन होतो, म्हणजे गुणांक १.१२. आता सांध्यात सरासरी तीन मीटर उंचीच्या स्तंभाएवढा पाण्याचा दाब आहे असे धरा. लंब दाब १८.३ टनांवर येतो, प्रतिकार १४.३ टनांवर, आणि गुणांक ०.९६. उतार गेला. यासाठी पाणी किती लागले? सांधा एक मिलिमीटर उघडा असेल तर दर चौरस मीटरला एक लिटर. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही, त्यामुळे ‘बोअरमध्ये फारसे पाणी लागले नाही’ हे वाक्य अहवालात असले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट, समांतर भिंतींच्या फटीतला प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. फट निम्मी झाली की प्रवाह आठव्या हिश्श्यावर येतो. घट्ट सांध्यांतून पाणी कमी येते आणि तेच पाणी बाहेर पडायला वाट नसल्यामुळे दाब धरून बसते.

हे सगळे दक्षिण फ्रान्समधल्या मालपासे धरणाने फार मोठी किंमत मोजून दाखवून दिले. सुमारे ६६ मीटर उंचीचे ते कमानी धरण अतिशय सडपातळ होते. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री, जोरदार पावसाने जलाशय पहिल्यांदाच पूर्ण भरत आला असताना ते फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. काँक्रीटमध्ये दोष सापडला नाही. डाव्या काठावर, जिथे कमानीचा एक पाय टेकला होता, तिथे खडकात पाचरीच्या आकाराचा एक प्रचंड खड्डा उरला होता. त्याची एक बाजू पट्टिताश्म (नाइस) या तिथल्या खडकाच्या पापुद्र्यांची होती. दुसरी बाजू धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका प्रस्तरभंगाची (खडक सरकून पडलेल्या मोठ्या भेगेची) होती, आणि तो धरण बांधण्यापूर्वी कोणाच्याच नोंदीत नव्हता. पुढच्या अभ्यासातून जे चित्र तयार झाले ते असे: त्या पट्टिताश्माला दाबले की त्याच्या सूक्ष्म भेगा मिटत आणि त्याची पार्यता (पाणी जाऊ देण्याची क्षमता) कित्येक पटींनी घटे. कमानीच्या रेट्याने काठाच्या आत खडकाचा एक पट्टा असा मिटून गेला, जणू जमिनीखाली दुसरे अदृश्य धरण उभे राहिले, आणि त्यामागे साचलेल्या दाबाने ती पाचर धरणाचा पाय घेऊन वर आणि बाहेर ढकलली. कमानीचे गणित चुकलेले नव्हते. ज्या पाचरीवर ती कमान उभी होती, तिचे गणित कोणी मांडलेच नव्हते. पिएर लोंद यांनी तीन मितींतल्या पाचरींच्या स्थैर्याची पद्धत विकसित केली ती याच घटनेच्या पार्श्वभूमीवर, आणि पायाखालचे निचऱ्याचे बोअर व दाबमापके धरणांच्या कामात अनिवार्य मानली जाऊ लागण्यामागेही मालपासेचा मोठा वाटा आहे.

मालपासेनंतर चारच वर्षांनी इटलीतल्या वायोंतला जे घडले, त्याचा धडा वेगळा आहे आणि तो हालचालीच्या निरीक्षणाविषयी आहे. तिथे माँते तोक डोंगराची हालचाल १९६० पासून मोजली जात होती आणि उतारावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडलेली सर्वांनी पाहिली होती. जलाशयाची पातळी वाढवली की वेग वाढे, उतरवली की मंदावे. यावरून पातळी हळूहळू खालीवर करून डोंगर ताब्यात ठेवता येईल, असा विश्वास तयार झाला. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री, वेग दिवसाला वीस सेंटीमीटरच्या आसपास पोचल्यावर, सुमारे २७ कोटी घनमीटर खडक एका मिनिटाच्या आत जलाशयात उतरला. लाटेने धरण ओलांडले, धरण उभेच राहिले, आणि खालच्या खोऱ्यातली जवळजवळ दोन हजार माणसे गेली. चुनखडकाच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पदर होते, काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे, आणि अशा मातीचा घर्षणकोन बारा अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकतो. मोजणी चालू होती, आकडे येत होते. त्या आकड्यांमागे कोणते प्रतल सरकते आहे आणि ते अचानक प्रतिकार सोडून देऊ शकते का, याचे एकमत झालेले उत्तर मात्र कोणाकडे नव्हते. आपल्या समित्या निरीक्षणाची यंत्रणा मंजूर करतात तेव्हा उपकरणांची यादी तपासतात. किती मिलिमीटरला काम थांबवायचे, हेही कधी कधी लिहिलेले असते. पण कोसळण्याची सूचना एकूण सरकण्यापेक्षा वेगातून आणि वेगाच्या वाढीतून मिळते. वेगाचा व्यस्त काळासमोर मांडला तर अनेक प्रकरणांत तो शून्याकडे झुकणारी रेषा काढतो, हे फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडले आणि आज ते बऱ्याच खाणींत रोजच्या वापरात आहे. मंजुरीच्या कागदात वेगाची मर्यादा आणि ती ओलांडली की रात्री दोन वाजता कोण कोणाला फोन करणार, हे दोन्ही असावे.

घर्षणकोनाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण अहवालात तो बहुधा एका गोल आकड्यात येतो. सांध्याचे पृष्ठ करवतीच्या दातांसारखे खडबडीत असते. पॅटन यांनी १९६६ मध्ये दाखवले, की कमी दाबाखाली वरचा ठोकळा त्या दातांवर चढून सरकतो आणि दातांचा कोन मूळ घर्षणकोनात मिळवला जातो. दाब वाढला की दात कापले जातात आणि तो फायदा संपतो. बार्टन आणि चौबे यांनी १९७७ मध्ये हाच विचार शून्य ते वीस अशा खडबडीतपणाच्या मापात बसवला. सांध्याचे दोन जुळणारे तुकडे एकमेकांवर ठेवून फळी हळूहळू उचलायची आणि वरचा तुकडा घसरतो तो कोन वाचायचा, या अगदी साध्या चाचणीतून ते माप मिळते. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिच्यात लपवायला जागा नाही. पण दहा सेंटीमीटरच्या तुकड्यावर मिळालेला खडबडीतपणा दहा मीटरच्या सांध्याला तसाच लावता येत नाही. लांबी वाढते तसा तो घटतो. सांध्यात मातीचा पदर असेल तर दातांचा प्रश्नच उरत नाही, कारण खडक खडकाला टेकतच नाही. मी सांध्यावरची माती नखाने खरवडून, थुंकी लावून दोन बोटांत चोळून बघते. ती साबणासारखी निसटली तर पुढचे सगळे आकडे मी निम्म्याने वाचते. हे शास्त्रीय मोजमाप नव्हे, पण पुढची चाचणी कोणत्या सांध्यावर करायची, हे त्यावरून ठरते.

खडकाचा दर्जा ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या पद्धतींवर मी फार लिहिणार नाही. डियर यांचा कोअर गुणवत्ता निर्देशांक, बिनियाव्स्की यांची १९७३ ची श्रेणी आणि बार्टन, लीन व लुंदे यांची १९७४ ची क्यू पद्धत या अनुभव साठवण्याच्या उत्तम रीती आहेत आणि बोगद्याच्या आधाराचा पहिला अंदाज त्यांनीच करावा. मात्र कोअर गुणवत्ता निर्देशांक दहा सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज मोजतो. बोअर सांध्यांना समांतर गेला तर निर्देशांक शंभराला टेकतो आणि शेजारी आडवा बोअर घेतला तर त्याच खडकात तो निम्म्यावर येतो. हे आकडे खडकाचा दर्जा सांगतात. कोणता ठोकळा पडेल, हे ते सांगत नाहीत, आणि त्यांनी ते सांगावे अशी अपेक्षाही त्यांच्या कर्त्यांनी ठेवलेली नव्हती.

आता त्या रंगीत आकृतीकडे येते. सांधेयुक्त खडकाची दोन प्रकारची प्रतिमाने आपल्यासमोर येतात. पहिल्यात सांधे वेगळे दाखवत नाहीत. त्यांचा परिणाम खडकाच्या सरासरी ताकदीत मिसळून खडक सलग मानतात. होक आणि ब्राउन यांचा १९८० चा निकष यासाठी सर्वाधिक वापरला जातो. सांधे इतके जवळजवळ आणि इतक्या दिशांनी असतील की कोणतीही एक दिशा वरचढ ठरू नये, तेव्हा हे योग्यच आहे. पण एक-दोन ठळक संच असतील तर हा निकष लागू पडत नाही, आणि हे त्याच्या मांडणीतच स्पष्ट केलेले आहे. शिवाय खोदकामाच्या आकाराचाही विचार लागतो. दोन मीटर अंतरावर सांधे असलेल्या खडकात तीन मीटर रुंद बोगदा काढला तर छतात एक-दोन ठोकळेच येतात. त्याच खडकात तीस मीटर रुंद दालन काढले तर पंधरा. खडक तोच, तरी पहिल्या ठिकाणी ठोकळा मोजावा लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी समूह. खडकाच्या नमुन्यावरून प्रतिमानाचा प्रकार ठरवणाऱ्या अहवालात हा फरक दिसत नाही.

दुसऱ्या प्रकारात ठोकळे वेगवेगळे ठेवतात. पीटर कंडल यांनी १९७१ मध्ये नान्सी येथील परिसंवादात मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक ठोकळा स्वतंत्र असतो. दोन ठोकळे एकमेकांत जेवढे रुततील तेवढे बळ संपर्कावर येते, त्या बळावरून न्यूटनच्या नियमाने प्रवेग निघतो, अतिशय लहान कालखंडाने ठोकळा पुढे सरकतो आणि नवे संपर्क पुन्हा शोधले जातात. गेन-हुआ शी यांनी १९८८ च्या प्रबंधात मांडलेली असलग विरूपणाची पद्धत हेच काम ऊर्जेच्या समीकरणांतून, मोठ्या कालखंडांनी करते. त्याआधी रिचर्ड गुडमन आणि शी यांनी ठोकळ्यांचा सिद्धांत मांडला होता, आणि माझ्या मते या सगळ्यांत तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला गेला आहे. सांध्यांच्या दिशा आणि खोदकामाचे तोंड एवढ्याच माहितीवरून कोणते ठोकळे बाहेर येऊच शकत नाहीत आणि कोणते येऊ शकतात, हे तो भूमितीने ठरवतो. जो आधी सुटतो आणि ज्याच्या सुटण्याने मागचे मोकळे होतात तो कळीचा ठोकळा. त्याला धरून ठेवले की बाकीचे आपोआप धरले जातात. रॉक बोल्ट (खडक धरून ठेवणाऱ्या पोलादी सळया) सगळ्या छतावर समान अंतराने मारण्याऐवजी कुठे आणि कोणत्या कोनात मारायचे, याचे उत्तर इथे मिळते.

अशा प्रतिमानांत ठोकळे प्रत्यक्ष पडताना दिसतात म्हणून ती खरी वाटतात. त्यामागे तीन निवडी दडलेल्या असतात आणि त्या अहवालाच्या मजकुरात क्वचितच येतात. सांध्याचा ताठरपणा बहुधा ‘सर्वसाधारण मूल्य’ म्हणून घेतलेला असतो आणि किती मिलिमीटर सरकेल, हे उत्तर थेट त्यावर अवलंबून असते. गणित लवकर स्थिरावावे म्हणून हालचालीला कृत्रिम अवमंदन (हालचाल शमवणारा रोध) दिलेले असते; ते अवास्तव असले तर प्रतिमानातला वेग आणि अंतर यांचा प्रत्यक्षाशी संबंध राहत नाही. तिसरी निवड सर्वांत धोकादायक आहे. सांधा सलग आहे की मध्ये मध्ये अखंड खडकाचे पूल शिल्लक आहेत, याचे उत्तर पृष्ठभागावरून मिळत नाही, म्हणून काही टक्के पूल गृहीत धरतात. वरच्याच उदाहरणात सांध्याच्या क्षेत्राच्या फक्त दोन टक्के भागात अखंड खडक आहे आणि त्याची आसंजकता (लंब दाब नसतानाही घसरणीला होणारा विरोध) २० मेगापास्कल आहे असे धरले, तर दर चौरस मीटरला जवळजवळ ४१ टनांचा जादा प्रतिकार मिळतो आणि कोरड्या उताराचा गुणांक १.१२ वरून ३.८ च्या वर जातो. दोन टक्के! कोणत्याही कंपासने किंवा कॅमेऱ्याने हे दोन टक्के मोजता येत नाहीत. परिशिष्टातल्या तक्त्यात सांध्याची आसंजकता म्हणून एक आकडा असतो. तो कुठून आला, हे विचारल्यावर बैठकीत जी शांतता पसरते ती मी दोन्ही बाजूंनी अनुभवली आहे.

म्हणून मागणी अशी आहे. अहवालाच्या सुरुवातीलाच एका पानावर संभाव्य यंत्रणा लिहिलेली असावी: कोणते संच, कोणता ठोकळा, कोणती दिशा, आणि कोणती यंत्रणा का शक्य नाही. पाण्याचा दाब कोरडा, अपेक्षित आणि निचऱ्याचे बोअर बुजलेले अशा तिन्ही स्थितींत दाखवावा, कारण ते बुजतात. सांध्यांची आसंजकता शून्य धरून आलेला गुणांक दुसऱ्या आकड्याशेजारीच छापावा. गुणांक एकच न देता घर्षणकोन आणि पाणी बदलल्यावर तो कुठून कुठे जातो, ते द्यावे. ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष सांधे मोजले ती बैठकीत हजर असावी आणि तिची नोंदवही टेबलावर असावी. या मागण्यांनी अहवाल महाग होत नाही. तो लांबतो, हे खरे, आणि काही वेळा त्यातून असे निष्पन्न होते की आधी आणखी दोन तिरके बोअर घेतल्याशिवाय मंजुरी देता येणार नाही. ते वाक्य लिहिणाऱ्या सल्लागाराला आपल्या बैठकीत जी वागणूक मिळते, तिच्यावर बरेच काही ठरते. आजवर मी पाहिले आहे त्यात ठाम एक आकडा देणाऱ्याला सक्षम समजतात आणि पल्ला सांगणाऱ्याला गोंधळलेला.

शेवटची गोष्ट मंजुरीनंतरची आहे. बोगद्यात प्रत्येक सुरुंगानंतर नवे तोंड उघडे पडते, आणि आराखडा करताना जे सांधे अंदाजाने मांडले होते ते तिथे प्रत्यक्ष दिसतात. थोड्याच वेळात त्यावर शॉटक्रीटचा, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा, थर बसतो आणि तो पुरावा कायमचा झाकला जातो. थर लवकर बसायलाच हवा, उघड्या छताखाली माणसे उभी करा असे मी म्हणत नाही. आधार दिलेल्या भागात उभे राहून छायाचित्रांवरून सांध्यांचे प्रतल काढण्याची साधने आज उपलब्ध आहेत आणि त्यांना काही मिनिटे पुरतात. पण कामाच्या वेळापत्रकात ती काही मिनिटे कुठेच लिहिलेली नसतात, त्यामुळे भूवैज्ञानिक पोचेपर्यंत फवारणी सुरू झालेली असते आणि तिला थांबवण्याचा अधिकार त्याला नसतो. आपण ज्या करारांना मान्यता देता, त्यांत प्रत्येक फेरीला तोंडाच्या नोंदीसाठी वीस मिनिटे, आणि न नोंदवलेला कळीचा ठोकळा दिसल्यास पुढची फेरी रोखण्याचा अधिकार, अशी दोन कलमे घालणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती दोन कलमे यावीत, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक अभियांत्रिकी भूवैज्ञानिक